कापसाचा दोरा बरोबरच होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला विजेच्या दिव्यावरचा लेख वाचला. एडिसनने १८७९ साली टंगस्टनची तार घालून पहिला दिवा पेटवला, असे तुम्ही ठळक चौकटीत छापले आहे. हे साफ चूक आहे, आणि त्यापायी माझ्या नातीचे उत्तर चुकीचे ठरले.

सोमवारी तालुक्याला विज्ञान प्रश्नमंजुषा होती. एडिसनच्या त्या दिव्यात तंतू कशाचा होता, असा प्रश्न आला. आमची सातवीतली पोट्टी उभी राहून म्हणाली, "कापसाच्या दोऱ्याचा." सगळे हसले. परीक्षकांनी तुमची पुरवणी वर धरून दाखवली आणि टंगस्टन हे उत्तर जाहीर केले. संध्याकाळी दप्तर पाठीवर तसेच ठेवून तिने मला विचारले, "आबाजी, मी बराबरच सांगतलं होतं न?"

बरोबरच सांगितले होते. तिने तो दोरा स्वतःच्या हाताने केलेला आहे. मी पस्तीस वर्षे गावोगाव वायरिंगची कामे केली. आयटीआयला आमच्या सरांनी जे करून दाखवले होते, तेच गेल्या उन्हाळ्यात मी तिला दाखवले. पत्र्याच्या डबीत कोळशाची पूड भरली, शिवणाच्या रिळाचा दोरा नालेसारखा वाकवून तीत पुरला, झाकण चिखलाने लिंपले आणि डबी दोन तास चुलीच्या आरात ठेवली. आत हवा जात नाही, म्हणून दोऱ्याची राख न होता कोळसा होतो. डबी निवल्यावर उघडली तर दोरा वाकणासकट जसाच्या तसा, फक्त काळा. तिने चिमटीत धरला आणि तो मोडला. आणखी चार केले, चारही मोडले. "मग त्यानं काचेत कसा बसवला असेल?" असे ती दोन दिवस विचारत होती.

असाच दोरा काचेत बसवून, आतली हवा काढून, एडिसनच्या माणसांनी ऑक्टोबर १८७९ मध्ये साडेतेरा तास उजेड पाडला. त्यानंतर जाड कागदाचा कोळसा आणि मग बांबूचा. जपानात क्योटोजवळच्या यावाता गावच्या बांबूचा तंतू हजार-बाराशे तास टिकला. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान त्याच सुमारास कोळशाच्याच तंतूचे दिवे लावत होता. त्याचे नाव तुमच्या लेखात एकदाही आले नाही.

कोळशाला जास्त तापवले की तो उडून काचेला आतून काळे करतो, म्हणून तो बेतानेच तापवावा लागे आणि उजेड पिवळाच राहायचा. त्यासाठी लोक धातूकडे वळले. आधी ऑस्मियम, मग टँटलम. टंगस्टनच्या तंतूचे पेटंट युस्ट आणि हानामान या दोन संशोधकांनी हंगेरीत घेतले ते १९०४ साली. टंगस्टन ३४०० अंशांच्या वर वितळतो, पण त्यांचा तंतू इतका ठिसूळ होता की दिवा हिसकला तरी तुटायचा. अमेरिकेत कूलिज या संशोधकाने १९१० च्या सुमारास टंगस्टनची भुकटी दाबून, तापवून, ठोकून ठोकून ओढता येईल अशी तार काढली. आपण वापरत आलो ती ही तार. तुम्ही सांगता त्या सालानंतर तीस वर्षांनी! त्या तीस वर्षांत किती माणसांनी किती तंतू तोडले असतील, ते पाच तुटलेले दोरे पाहिलेल्या माझ्या नातीला कळते. तुमच्या लेखात ते सगळे एका माणसाच्या एका रात्रीत उरकले आहे.

आणखी एक. टंगस्टनवर चार कॉलम लिहिलेत, पण आपल्याच नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनचे खनिज आहे, याची एक ओळ नाही. अंकावर 'विदर्भ आवृत्ती' छापता. मग पुरवणी छापण्याआधी इकडच्या एखाद्या विज्ञानाच्या मास्तरला दाखवायला काय हरकत होती? आम्ही कपाशीच्या मुलखातली माणसे. आमच्याच पोरीने कापूस म्हटले म्हणून भर सभागृहात हसू व्हावे, हे मला फार लागले.

दुरुस्ती छापा, आणि ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक चौकटीत छापा. आतल्या कोपऱ्यात दोन ओळी नकोत. ते कात्रण घेऊन मी स्वतः परीक्षकांना भेटणार आहे. गुण परत मागणार नाही. पण पोरीचे उत्तर बरोबर होते, हे त्यांनी सगळ्या पोरांसमोर सांगितले पाहिजे.

आपला,
एक जुना वायरमन
ता. कुही, जि. नागपूर

ता. क. : आमच्याकडे अंक दहाच्या एसटीने येतो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी आत पुरवणीच नसते. पैसे मात्र पूर्ण अंकाचे घेतले जातात. याचीही चौकशी करावी.