१७१८ चर्चचे, धर्मप्रांताचे नव्हे

मा. संपादक,
स. न.

फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलवर लिहिताना १७१८ हे साल मुंबई धर्मप्रांताच्या (म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाच्या) स्थापनेच्या माथी मारले जाते. त्या वर्षी फक्त चर्च उपासनेला खुले झाले. (‘चर्चगेट’ त्याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून.) कलकत्त्यापासून वेगळा अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडचा) धर्मप्रांत झाला १८३७ मध्ये. टॉमस कार पहिले बिशप, आणि चर्चला ‘कॅथीड्रल’चा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, मान तेव्हाच. १९२९ मध्ये नाशिक वेगळे निघाले, तिथले पहिले बिशप फिलिप लॉईड. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद हुडकणारे नेमके इथे अडकतात: १९२९ आधीच्या नाशिकच्या नोंदी मुंबई धर्मप्रांतातच शोधाव्या लागतात, आणि त्या नोंदींच्या लंडनला गेलेल्या नकला मुंबई इलाख्याच्या नावाखाली लागल्या आहेत. नागपूर मात्र १९०३ पासूनच स्वतंत्र.

– एक वाचक, मुंबई