सहाही लिफ्ट छापा, नुसता नंबर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीजवळ माधवनगरला राहते, तुमचा पेपर आमच्या घरी रोज येतो आणि पहिल्यांदा मागच्या पानावरून उघडला जातो कारण माझी मुलगी वेटलिफ्टिंग करते. नववीत आहे. म्हणून मीराबाई चानूच्या बातम्यांबद्दल लिहायचं होतं, बरेच दिवस मनात होतं ते आज लिहून टाकते.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नॉर्वेत वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली, मीराबाईला ४८ किलो गटात सिल्व्हर मिळालं. बातमी आली पण चार ओळींची, एकूण १९९ किलो, रौप्य, संपलं. मुलगी म्हणाली आई यात काहीच कळत नाही, आणि खरंच आहे तिचं. त्या दिवशी काय झालं ते बघा, स्नॅचला (म्हणजे बार जमिनीवरून एका दमात थेट डोक्यावर) ८४ उचललं आणि मग ८७ दोनदा मारलं, दोन्ही वेळा पडलं. म्हणजे अर्धी स्पर्धा झाली तेव्हा हातात फक्त पहिलीच लिफ्ट. आणि मग क्लीन अँड जर्कला (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) १०९, ११२, ११५, तिन्हीच्या तिन्ही चांगल्या! तिसऱ्या नंबरची थायलंडची मुलगी १९८ वर होती, म्हणजे एका किलोचा फरक. आणि ते ११५ म्हणजे टोकियो ऑलिंपिकमध्ये सिल्व्हर मिळालं तेव्हा जेवढं उचललं होतं तेवढंच, चार वर्षांनी, ३१ व्या वर्षी, मधे कंबरेची दुखापत होऊन. हे सगळं १९९ या आकड्यात कुठं दिसतं सांगा.

हा खेळच तसा आहे. स्नॅचला तीन चान्स, जर्कला तीन चान्स, दोन्हीतली सगळ्यात जड चांगली लिफ्ट मिळून टोटल. एकदा बारवर वजन चढलं की खाली उतरवता येत नाही, उचललं गेलं नाही तर तेच परत मारा नाहीतर वाढवा. त्यामुळं सुरुवात किती किलोनं करायची, पडल्यावर तेच मागायचं का वाढवायचं, सगळी लढाई तिथंच असते. सिडनीत २००० साली कर्णम मल्लेश्वरीला ब्राँझ मिळालं, भारतीय बाईचं पहिलं ऑलिंपिक मेडल, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण शेवटच्या लिफ्टला १३० वरून एकदम १३७.५ मागितलं आणि ते उचललं गेलं नाही, तिचे एकूण २४० आणि सोनं गेलं २४२.५ ला, हे किती जणांना माहिती असेल?

आता आमच्या घरातलं सांगते. मुलगी ज्या तालमीत जाते तिथं एका बाजूला कुस्तीची मॅट आणि भिंतीकडेला लाकडी प्लॅटफॉर्म, मुली चौघीच. बायकांचा बार १५ किलोचा असतो, पुरुषांचा २०, आणि बायकांचा बारीकही असतो, २५ मिलिमीटर, पुरुषांचा २८. तिथं पुरुषांचाच बार आहे. वजन धरताना अंगठा आत घेऊन त्यावरून बोटं आवळावी लागतात, तिची बोटं लहान, त्या जाड बारवर अंगठा पुरता आत बसत नाही म्हणून कातडं सोलायचं, रोज रात्री चिकटपट्टी मीच लावून द्यायची. गेल्या वर्षी पहिल्या स्पर्धेला गेली, तिथं व्यवस्थित १५ चा बार होता, हातात घेतल्यावर तिला काहीतरी वेगळंच लागलं आणि स्नॅचच्या तिन्ही लिफ्ट फुकट गेल्या. स्नॅच गेलं म्हणजे टोटलच नाही. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढं आडवी रेघ. एसटीत माधवनगर येईपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही, खिडकीकडं तोंड करून बसली होती, चॉकचे पांढरे हात तसेच, धुतले पण नव्हते.

घरी आल्यावर नणंद म्हणाली बास झालं आता, पोरीच्या जातीनं लोखंड कशाला उचलायचं, पुढं लग्नाला अडचण. मी काही बोलले नाही. रात्री तिला मोबाईलवर रिओचं दाखवलं. २०१६, तिथं मीराबाईच्या सहा लिफ्टमधली एकच धरली, ८२ किलोचं स्नॅच, जर्कच्या तिन्ही फुकट गेल्या. तिच्या नावापुढंही टोटल नाही. मुलगी कितीतरी वेळ त्या तक्त्याकडं बघत बसली आणि मग म्हणाली, म्हणजे माझ्यासारखंच? म्हटलं हो. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत अनाहाइमला १९४ किलो उचलून ती वर्ल्ड चॅम्पियन झाली. मग दोघींनी मिळून टोकियोचं लिहून काढलं: ८४, ८७, ८९ नाही, ११०, ११५, ११७ नाही. मेडलच्या दिवशीसुद्धा दोन गेल्याच होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्वतःहून पिशवी उचलून तालमीत गेली.

पॅरिस ऑलिंपिकचं तर फार लागतं मनाला. ७ ऑगस्ट २०२४. त्याच दिवशी कुस्तीत विनेश फोगाटचं वजन शंभर ग्रॅम जास्त भरलं, सगळा देश त्यात होता आणि ते बरोबरच होतं, पण रात्री उशिरा मीराबाई उतरली आणि सकाळी पेपरात "चौथी, पदक हुकलं" एवढंच. दुसऱ्या दिवशी तिचा तिसावा वाढदिवस होता. १९९ झाले, ब्राँझ गेलं २०० ला. स्नॅच दोघींचं सारखंच, ८८. मीराबाईनं नंतर सांगितलं की पाळीचा तिसरा दिवस होता, अंगात अशक्तपणा जाणवत होता. इतक्या मोठ्या खेळाडूनं ते उघड सांगितलं, माझ्या घरात त्यावर पहिल्यांदा मुलीचे वडीलही बसून बोलले. ते तुमच्या पेपरात ठळक यायला पाहिजे होतं असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि सांगलीला हे सांगायला नको खरं तर. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या संकेत सरगरनं ५५ किलोत सिल्व्हर आणलं, २४८ किलो, सोनं गेलं २४९ ला, जर्कला कोपर दुखावला नसता तर काय झालं असतं. त्याच दिवशी मीराबाईनं सोनं घेतलं. काजोल सरगरनं त्याच्या आधी खेलो इंडियात गोल्ड मिळवलेलं. पानाची टपरी चालवणाऱ्या घरातली ही भावंडं. तेव्हा इथं रस्त्यारस्त्यावर बोर्ड लागले होते, पण अजून पोरी २० च्याच बारवर शिकतायत. जिल्ह्यात कुणी मनावर घेतलं तर १५ किलोचा एखादा बार ही काही फार मोठी गोष्ट नाही, तुम्ही दोन ओळी लिहिल्या तर कुणाच्या तरी डोळ्यात येईल.

दुसरं मागणं तुमच्याकडं. पुढच्या वेळी मीराबाई उतरेल तेव्हा, आणि आपल्या जिल्ह्यातल्या पोरी उतरतील तेव्हाही, नंबरच्या खाली सहाही लिफ्ट छापा, पडलेल्या सुद्धा. जागा लागत नाही. पॅरिसचं असं झालं असतं:

स्नॅच ८५, ८८ नाही, ८८. क्लीन अँड जर्क १११ नाही, १११, ११४ नाही.

आपली,
एक वाचक आणि आई
माधवनगर, जि. सांगली