नाविकांच्या ओळखपत्राचे केंद्र पुण्यातही हवे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बोटीवर जाणाऱ्या मुलांना पासपोर्ट आणि सीडीसी, म्हणजे नाविकाच्या नोकरीची नोंद ठेवणारी पुस्तिका, यांच्या जोडीने आता बायोमेट्रिक नाविक ओळखपत्रही काढता येते. मी मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेला इंजिनीअर. ओळखीपाळखीची मुले कागदपत्रांचे विचारायला घरी येतात, तेव्हा या ओळखपत्रापाशी त्यांचे घोडे हमखास अडते. अर्ज ऑनलाइन भरता येतो, कागदपत्रेही अपलोड होतात. पण चेहऱ्याची नोंद करायला ठरल्या वेळी केंद्रावर जातीने हजर राहावे लागते. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, गोवा, नोएडा, कोलकाता, चेन्नई, कोची, न्यू मंगळूर, विशाखापट्टणम आणि कांडला अशी नऊ केंद्रे जाहीर झाली. त्यांत पुणे नव्हते. नोएडाला तरी कुठे बंदर आहे? मग पुण्यानेच काय घोडे मारले?

लोणी काळभोरची मॅनेट आणि तळेगावजवळच्या इंदुरीतील तोलानी या दोन मोठ्या सागरी प्रशिक्षण संस्था पुणे जिल्ह्यात आहेत. शिवाय कोकणातून येऊन इथे स्थायिक झालेल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी बोटीवर असते. साइन ऑफ होऊन, म्हणजे बोटीवरची नेमणूक संपवून, घरी आलेल्या मुलाच्या सुट्टीत कोर्स, मेडिकल, व्हिसा हे सगळे बसवायचे असते, आणि जॉइनिंगचा फोन कधी येईल याचा नेम नसतो. अधिकाऱ्याला मुंबईची खेप परवडते. नव्याने लागणाऱ्या रेटिंगच्या, म्हणजे अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या खलाशी मुलाला, ज्याच्या घरच्यांनी कर्ज काढून फी भरलेली असते, त्या खेपेचा खर्चही जाणवतो.

हे ओळखपत्र बिनकामाचे असते तर मी हा खटाटोप केला नसता. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर बंदरांतले पहारे कडक झाले आणि बोट धक्क्याला लागली तरी खलाशाला खाली उतरू देईनात. महिनोन्महिने लोखंडात राहिलेल्या माणसाला दोन तास जमिनीवर चालायला मिळणे म्हणजे काय, हे मी अनुभवले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००३ मध्ये १८५ क्रमांकाचा करार केला तो सुरक्षा आणि ही शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरण्याची मुभा, दोन्ही सांभाळण्यासाठी. भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये स्वीकारला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये चेहऱ्याच्या नोंदीवर आधारलेले ओळखपत्र देणारा जगातला पहिला देश ठरला. बोटांच्या ठशांऐवजी चेहरा घेतला हे फार योग्य झाले. इंजिन रूममध्ये वर्षे काढलेल्यांचे ठसे पुष्कळदा नीट उमटतही नाहीत.

या प्रणालीचे सॉफ्टवेअर सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या मुंबई केंद्राच्या मदतीने तयार झाले, आणि सी-डॅकचे मुख्यालय आहे पुण्यात. तेव्हा इथे एक कॅमेरा आणि एक प्रशिक्षित कर्मचारी बसवणे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. कायमचे केंद्र लगेच होत नसेल, तर हे ओळखपत्र देणाऱ्या नौवहन महासंचालनालयाने महिन्यातून एकदा पुण्यात शिबिर घ्यावे. २०१७ पासून पासपोर्टची सोय टपाल कार्यालयांत झाली, तीच वाट इथेही चोखाळता येईल.

मुलांच्या एका गैरसमजाबद्दलही लिहायला हवे. हे ओळखपत्र पासपोर्टची किंवा सीडीसीची जागा घेत नाही. अमेरिकेने हा करार स्वीकारलेला नाही, त्यामुळे तिथल्या बंदरात उतरायचे तर बोटीवरच्या कर्मचाऱ्यांसाठीचा सी-१/डी व्हिसा लागतोच. ‘हे कार्ड काढ, व्हिसा लागणार नाही’ असे सांगून पैसे मागणारा कोणी भेटला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. प्रशिक्षण संस्थांनी अर्जाची रीत आणि सरकारी शुल्क मराठीत छापून सूचनाफलकावर लावावे. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनीअर,
कोथरूड, पुणे