माग घरातच राहील

ग्वाटेमाला सिटी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलताना बाबा 'बरं' म्हणून फोन आईच्या हाती देतात आणि मला जे सांगायचे असते ते राहून जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. बाबा, सध्या मागावर असलेली पैठणी उतरली की पुढचा ताणा लावायचा नाही, असे मी ऑर्डर देणाऱ्या शेठना परस्पर कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. तुम्हाला आधी विचारले नाही, कारण विचारले असते तर 'एवढी एक होऊ दे' असे तुम्ही म्हणाला असता आणि त्या एकीमागून दुसरी आली असती. तुम्ही रागावाल हे मला ठाऊक आहे. तरी पत्र शेवटपर्यंत ऐका. आई, तू वाचून दाखव, त्यांना बारीक अक्षर वाचायला लावू नकोस.

गुडघ्यांबद्दल आणि डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते तुम्हा दोघांना माहीत आहेच, ते पुन्हा लिहीत नाही. पण माझा निर्णय पक्का झाला तो इथल्या एका संग्रहालयात, आणि ते मी तुम्हालाच सांगू शकते, कारण तिथे पाहिलेले समजून घेणारे माणूस माझ्या ओळखीत दुसरे कोणी नाही. इश्चेल ही इथल्या मूळ रहिवासी माया लोकांची विणकामाची आणि बाळंतपणाची देवता मानली जाते. तिच्या नावाचे हे वस्त्रसंग्रहालय १९७७ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि १९९३ पासून ते इथल्या फ्रान्सिस्को मारोकीन विद्यापीठाच्या आवारात आहे. डोंगराळ भागातल्या माया गावांतल्या बायका अंगात घालतात ते सैल पोलके, ज्याला हुइपील म्हणतात, कमरेभोवती गुंडाळायचे वस्त्र, कमरपट्टे आणि डोक्याला बांधायच्या लांब फिती, असे सारे तिथे जपून ठेवले आहे. त्यातली बहुतेक वस्त्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची आहेत, कारण इकडच्या दमट हवेत त्याहून जुने कापड फारसे टिकलेले नाही.

बाबा, त्यांचा माग पाहिलात तर तुम्ही आधी विचाराल की यात माग कुठे आहे. पाय सोडायला खड्डा नाही, पायाने दाबायच्या पावड्या नाहीत, फणीसुद्धा नाही. काही काठ्या आणि दोर, एवढेच. ताण्याच्या उभ्या धाग्यांचे एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधतात आणि दुसरे टोक विणणाऱ्या बाईच्या कमरेमागून घेतलेल्या पट्ट्याला. ती गुडघ्यांवर बसते. मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो, आणि आडवा बाणा ती लाकडी पातीने ठोकून बसवते. मेक्सिकोतल्या हायना बेटावर हजार वर्षांहून जुन्या मातीच्या लहान मूर्ती सापडल्या आहेत, त्यांतही अशीच एक बाई झाडाला माग बांधून विणत बसली आहे. या मागावरचे कापड चारही बाजूंनी बंद काठाचे उतरते आणि असे दोन किंवा तीन पट्टे जोडून हुइपील तयार होते, त्यामुळे कात्री जवळजवळ लागतच नाही. पावड्यांचा माग स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणला आणि त्यावर मुख्यतः पुरुष विणतात. साल्काहा नावाच्या गावी धागे बांधून रंगवून जे कापड काढतात ते पाहून तुम्हाला पोचमपल्लीच्या साडीची आठवण होईल. पण माझे पाय त्या कमरेच्या मागापुढेच खिळले. तिथे ताण धरणारी चौकट नाही, तो ताण बाईची कंबर धरते आणि तिचे गुडघे सोसतात, हे इतके उघड दिसत होते की मला तुमचे खड्ड्यातून वर येताना भिंतीला हात लावणे आठवले. आपल्याकडे ते लाकडाच्या चौकटीआड झाकले गेले आणि इतकी वर्षे कोणी मोजले नाही, मीसुद्धा नाही.

सान अंतोनियो आग्वास कालियेंतेस या गावची एक हुइपील मी फार वेळ पाहत होते. त्या गावच्या बायका फुले आणि पक्षी असे विणतात की उलट बाजू कोणती आणि सुलट कोणती हे सांगता येऊ नये. गिऱ्हाईक आले की तुम्ही न बोलता पदर उलटून दाखवता, तेच काम इतक्या दूरच्या बायका वेगळ्या धाग्याने आणि वेगळ्या हिकमतीने करत आल्या आहेत, हे कळल्यावर मला एकटीला तिथे फार भरून आले. लहानपणी तुमच्या शेजारी बसून कांड्या भरल्या नसत्या तर मी ते कापड छान आहे एवढेच म्हणून पुढे गेले असते.

आता जे सांगायचे आहे ते नीट ऐका. इथल्या हुइपीलवरून गाव ओळखता येते. चिचिकास्तेनांगोच्या हुइपीलवर गळ्याभोवती सूर्यासारखी किरणे असतात, सांतियागो आतितलानच्या बायकांची डोक्याभोवती गुंडाळलेली फीत तर इथल्या पंचवीस सेंतावोच्या नाण्यावरसुद्धा आहे. (ते एक नाणे आईसाठी ठेवले आहे.) गाव कळते, पण जुन्या वस्त्राखाली विणणारीचे नाव क्वचितच सापडते. १९६० ते १९९६ या यादवी युद्धात इथे दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, त्यांत बहुसंख्य माया होती, आणि अंगावरच्या विणीवरून आपले गाव ओळखले जाईल या भीतीने कितीतरी बायकांनी त्या काळात स्वतःच्या गावची हुइपील घालणे सोडले. तरीही आया मुलींना शिकवत राहिल्या म्हणून ही वीण शिल्लक आहे. पुढे २०१६ मध्ये याच विणकर बायकांनी घटनात्मक न्यायालयात जाऊन आपल्या नक्षीवर गावांचा सामूहिक हक्क मागितला. आपल्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ही मोठी गोष्ट आहे, पण त्याने पैठणी या नावाचे रक्षण होते. आजोबांचा आसावलीचा जो फुलवेल तुम्ही आलेखाशिवाय विणता तो कोणत्याच कागदावर नाही. तो तुमच्या बोटांत आहे, आणि शेठच्या ऑर्डरी पुऱ्या करता करता ती बोटे थकून जाऊ नयेत, एवढ्यासाठी मी हे केले.

तेव्हा तुम्हाला मागावरून उठवले असे कृपा करून मनात आणू नका. माग विकायचा नाही, मोडायचा नाही, काकांनी त्यांच्या वेळी जे केले ते आपल्या घरात होणार नाही. सकाळी ऊन आत येते तेव्हा तासभर बसा, मन लागेल तेवढेच विणा, हातभर झाले तरी पुष्कळ. धाकटी दर रविवारी येईल आणि तुम्ही सांगाल तसे आलेखाच्या कागदावर उतरवून घेईल. मोराच्या मानेशी रंग बदलताना दोन धागे एकमेकांत कसे अडकवता तेही तिला दाखवा, ती चुकली तरी तिच्यावर ओरडू नका. आणि आता मागावर असलेल्या साडीच्या पदराच्या कोपऱ्यात तुमचे नाव विणा. शेठना मी हेही सांगितले आहे.

मजुरीइतके पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईच्या खात्यात येतील. आई, ते वेगळे काढून ठेवू नकोस, खर्च कर. बाबा, याला मदत म्हणू नका. माझ्या शाळेची फी आणि ते मनमाडचे वर्ष ज्या मजुरीतून निघाले ती कुठून आली हे मी विसरलेले नाही. रात्री मागाच्या आवाजात मला जशी झोप लागायची तशी पुढे कोणत्याच गावात लागली नाही, आणि तो आवाज आता आपल्या घरात कमी होईल याचे दुःख तुमच्याइतकेच मलाही आहे.

माझी काळजी करू नका. इथे हवा बारा महिने सौम्य असते, मक्याची गरम भाकरी आणि काळ्या घेवड्याची उसळ रोज मिळते, आणि वेलदोडा तर इथून जगभर जातो, त्यामुळे चहा आईच्या हातचा नसला तरी बेचव नसतो. जेवण वेळेवर होते. घर ऑफिसजवळच आहे आणि अंधार पडण्याआधी मी परतते.

आता काही गोष्टी माझ्या सांगण्यावरून करा. डोळ्यांत थेंब दोन्ही वेळा घालायचे, फक्त आठवेल तेव्हा नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आता पुढे ढकलायची नाही. साडी उतरण्याची वाट पाहायची असली तर डॉक्टरांना विचारून, स्वतःच्या मनाने नाही. मागाच्या खोलीतला दिवा धाकटीकडून बदलून घ्या आणि खड्ड्यात पाय सोडण्याआधी खाली जाड गोधडी घाला, तिथली ओल गुडघ्यांना बाधते. आई, तू गुरुवारचा उपास धर, पण त्या दिवशी पाणी भरायला जाऊ नकोस, आणि गोळ्या उपाशीपोटी घेऊ नकोस.

रविवारी सकाळी साडेआठला फोन करीन, तेव्हा इथे शनिवारच्या रात्रीचे नऊ वाजलेले असतील. बाबा, त्या वेळी फोन आईकडे लगेच देऊ नका. रागावायचे असेल तर माझ्यावर रागवा, शेठशी किंवा धाकटीशी अबोला धरू नका.

तुमची लाडकी लेक