दुष्काळाची मोजपट्टी आधी सरळ करा : मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, मदत व पुनर्वसन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

मृग तोंडावर आहे. दुष्काळावर पत्र लिहायची ही वेळ नव्हे, असे वाटेल. पण ऑक्टोबरात लिहून उपयोग नसतो. तोवर तालुक्यांची यादी ठरत आलेली असते आणि यादीबाहेर राहिलेल्यांच्या हाती निवेदनाची पोच तेवढी उरते. नियम बदलायचे तर ते पेरणीआधी.

2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार दुष्काळ जाहीर करण्याची पहिली कळ (ट्रिगर) दाबली जाते ती पावसावर. सरासरीच्या 75 टक्क्यांपेक्षा कमी पाऊस हा त्यातला मुख्य आकडा, आणि आमची पहिली तक्रार याच आकड्याशी आहे. समजा एका महसूल मंडळाची (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाची) पावसाळ्याची सरासरी 650 मिलिमीटर आहे. सप्टेंबरअखेर तिथे 500 मिलिमीटर नोंदले गेले, म्हणजे जवळपास 77 टक्के. मंडळ यादीबाहेर. आता त्या 500 मधले 110 मिलिमीटर दोन रात्रींत पडले असतील, तर ते बांध फोडून, माती घेऊन ओढ्याला गेले. ते वजा करा, पिकाच्या वाट्याला 390 उरतात. म्हणजे 60 टक्के. मराठवाड्यात हे असेच होते: दोन रात्री धिंगाणा आणि पुढे महिनाभर कडक ऊन.

पावसाच्या खंडाच्या मोजणीतही हीच गोम आहे. सलग तीन-चार आठवडे, प्रत्येक आठवड्यात सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस, तर खंड धरला जातो. तिसऱ्या आठवड्यात निम्म्याला टेकणारी एकच सर आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कागदावरचा खंड मोडला, रानातला नाही. हलक्या मुरमाड जमिनीत सोयाबीन दहा-बारा दिवसांच्या उघडिपीत माना टाकते. भारी काळीत तेच पीक आणखी आठवडाभर तग धरते. शिवाय खंड कधी पडला हे पाहायला नको का? जूनअखेर पेरलेले सोयाबीन ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात फुलावर येते आणि ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये शेंगा भरते. जुलैतला पंधरा दिवसांचा खंड ते सोसते, शेंगा भरतानाचा सोसत नाही. 2023 चा ऑगस्ट हा देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, म्हणजे ऐन त्याच दिवसांत. म्हणून मागणी अशी: एका दिवसात 65 मिलिमीटरच्या वर पडलेला पाऊस टक्केवारीत पूर्ण धरू नका आणि खंडाला पिकाच्या अवस्थेप्रमाणे वजन द्या.

दुसरी कळ उपग्रहातून दिसणाऱ्या हिरवेपणावर बरीच अवलंबून असते. सोयाबीन बाहेरून हिरवेगार दिसते आणि आत शेंगा पोचट असतात. वरून ते कळत नाही. त्यात मंडळात उसाचा पट्टा असला की सगळ्याच मंडळाची सरासरी हिरवी होते. हे पकडायचे ते सत्यमापनात, म्हणजे रानात जाऊन केलेल्या पाहणीत. त्यासाठी 10 टक्के गावे निवडली जातात आणि दर मुख्य पिकाचे काही प्लॉट पाहिले जातात. पण पथक ऑक्टोबरात येते. तेव्हा सोयाबीनची काढणी उरकलेली असते. रानात धसकटे आणि बांधावर ताडपत्रीखाली गंजी. फोटो कशाचा काढणार? सोयाबीन, मूग, उडदाचे सत्यमापन 10 ते 25 सप्टेंबरमध्ये व्हावे आणि प्रत्येक प्लॉटवर दहा झाडांच्या भरलेल्या व पोचट शेंगा वेगवेगळ्या मोजाव्यात. मोजायला पंधरा मिनिटे लागतात. कापूस आणि तूर मागाहून पाहता येतील.

हा आग्रह धरण्याचे आणखी एक कारण आहे. खरीप 2025 पासून पीक विम्यातली हंगामाच्या मध्यावरची 25 टक्के आगाऊ भरपाई गेली. आता विमा फक्त काढणीच्या वेळच्या पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे खंडात होरपळलेल्याला वेळेवर मिळू शकेल अशी सरकारी मदत हीच काय ती उरली.

2023 मध्ये 40 तालुके दुष्काळी ठरले आणि नंतर 1,021 मंडळे 'दुष्काळसदृश'. तालुक्यांना निविष्ठा अनुदान (बियाणे-खतांच्या खर्चापोटी रोख मदत), मंडळांना नुसत्या सवलती. त्या सवलतींची यादी एकदा शांतपणे वाचावी. जमीन महसुलात सूट: कोरडवाहू खातेदाराला ती दोन चहाच्या किमतीएवढीही होत नाही. कृषिपंपाच्या चालू बिलात 33.5 टक्के सूट: साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना 2024 पासून वीज मोफतच आहे, मग सूट कशात? परीक्षा शुल्काची माफी: शुल्क आधी भरून घेतात आणि परताव्यासाठी शाळेमार्फत बँक तपशील मागतात. एकच सवलत दमदार आहे, कर्जाचे पुनर्गठन, म्हणजे परतफेडीची मुदत वाढवून मिळणे. पण ती शेतकऱ्याने अर्ज केला तरच मिळते, आणि कर्ज आधीच थकलेले असले तर शाखेत दाद लागत नाही. नुकसान 50 टक्क्यांच्या वर असेल तर परतफेडीला पाच वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते, हे गावात कुणाला माहीत नसते. शाखेने पात्र खातेदारांची यादी स्वतःहून चावडीवर लावावी.

आता पैशाचे. केंद्राच्या 2022-26 च्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये होते, मर्यादा 2 हेक्टर. एकराला 3,400 झाले, गुंठ्याला 85. डीएपी खताचे एक पोते 1,350 ला. उरलेल्या 2,050 मध्ये बियाण्याची पिशवी, फवारणी आणि मजुरी बसवून दाखवावी. रकमेवर वाद होत राहील, पण मंजूर रक्कम तरी अडू नये. ती अडते ती ठरलेल्या जागी. ई-पीक पाहणी (मोबाइलवरची पिकाची नोंद) राहिली की सातबारावर पीक दिसत नाही. जमिनीच्या सामाईक खात्यात एक भाऊ पुण्याला असतो, त्याच्या संमतीपत्रावाचून सगळ्यांचे थांबते. खातेदार वारलेला, वारसाचा फेरफार प्रलंबित. आधारवर 'विठ्ठलराव' आणि सातबारावर 'विठ्ठल'. केवायसीला, म्हणजे ओळख पटवताना, म्हाताऱ्या माणसाचा अंगठा मशीन घेत नाही. आधार जोडलेले खाते भलतेच, कधीकाळी उघडून विसरलेले. पैसे तिथे पडून राहतात आणि माणूस तहसीलला खेटे घालतो. आणि बँकेत आलेली रक्कम कर्जापोटी होल्डला, म्हणजे अडकवून ठेवलेली. होल्ड लावू नये असे शासन निर्णयात दरवेळी लिहिलेले असते; लावल्यास शाखेवर काय होईल, हे मात्र लिहिलेले नसते.

यावर दोन गोष्टी करता येतील. यादीत प्रत्येक अडलेल्या नावापुढे कारण छापा: केवायसी, संमती, वारस, बँक. आज पोर्टलवर फक्त 'प्रलंबित' दिसते. सामाईक खात्यात हजर हिस्सेदाराला त्याच्या हिश्श्याची रक्कम द्या, गैरहजर भावाची ठेवून घ्या.

टँकरबद्दल थोडक्यात. माणशी 20 लिटरचे गणित करताना 2011 ची लोकसंख्या धरू नका, आणि ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये परतणारी कुटुंबे मोजा. बीड आणि धाराशिवच्या कित्येक गावांत ती परतली की पाण्याची गरज एका आठवड्यात वाढते; टँकरच्या खेपा मात्र जानेवारीत ठरलेल्याच राहतात. चारा छावणीची मागणी आल्यावर निविदा काढली तर दोन महिने जातात आणि तोवर बाजारात जनावर निम्म्या भावात गेलेले असते. सप्टेंबरमध्येच तालुकानिहाय कडब्याचा हिशेब घ्या आणि पाणी असलेल्या शेतकऱ्यांना मका व ज्वारीचे बियाणे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात द्या. चारा तयार व्हायला दोन-अडीच महिने लागतात.

सत्यमापनाच्या तारखांचा आदेश जुलैअखेर निघाला तर यंदाच्या सोयाबीनला लागू होईल. त्याची प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, ही विनंती.

आपले,
मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी आणि गावोगावी मदतीच्या याद्यांचे काम पाहणारे कार्यकर्ते