प्रिंट काढण्याआधी प्रिव्ह्यू पाहा

महोदय,

तहसील कचेरीसमोर माझे झेरॉक्सचे दुकान आहे. हल्ली निम्मी गिऱ्हाइके ‘तेवढी मेलची प्रिंट द्या’ म्हणत येतात. हवे असते एकच पान, पण जीमेलमध्ये वर उजवीकडचे प्रिंटरचे चित्र दाबले की त्या विषयावरची आजवरची सगळी उत्तरे-प्रत्युत्तरे बाहेर पडतात. शेवटच्या कागदावर बहुधा कंपनीची गोपनीयतेची सूचना तेवढी असते, तीही इंग्रजीत! त्या पानाचे पैसे मागताना मलाच कसेसे होते.

एकच संदेश हवा असेल तर त्या संदेशाशेजारच्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘प्रिंट’ निवडावे. मग प्रिव्ह्यूमध्ये पाने किती ते पाहावे आणि हवा तेवढाच पान क्रमांक टाकावा. जोडलेली पीडीएफ यात छापली जात नाही, नुसते तिचे नाव येते. ती वेगळी उघडावी लागते. हे न कळल्याने खिडकीवरून परत पाठवलेली माणसे मी रोज पाहतो.

खरे तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिलेली आहे. तरी कागद हवाच असेल, तर कचेऱ्यांनी निदान ‘मूळ मेल की जोडपत्र’ एवढे फलकावर लिहावे. माझा धंदा थोडा कमी होईल, होऊ दे.

– एक झेरॉक्स दुकानदार, सातारा जिल्हा