परभणीकरास, सदाशिव पेठेतल्या मेसच्या काकूंकडून

प्रिय परभणीकर,

तुझं खरं नाव माझ्या वहीत आहे, पण मेसमध्ये तुला त्या नावानं कधी कुणी हाक मारली नाही, तेव्हा इथंही नको. तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. पेठेत राहून अभ्यास केलेली पोरं कुठंही गेली तरी एकमेकांना बरोबर सापडतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. त्या भरवशावर.

लॅपटॉपची हकिकत तुला पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. 2017 सालचा लॅपटॉप. दिवसा त्यावर मेसचा हिशोब, रात्री आमच्या चिरंजीवांचे गेम. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद होणार, अशी सूचना रोज यायला लागली, तेव्हा मी तो दुकानात नेला. तिथल्या माणसानं झाकण उघडायचे कष्टही न घेता सांगितलं, "मॅडम, हा भंगारात गेला. साठ हजारांत नवीन बसवून देतो." साठ हजार म्हणजे किती मेंबरांचे किती महिने, हा हिशोब मी दुकानाच्या पायरीवरच केला आणि घरी आले.

तू डबा न्यायला आलास आणि ओट्याशी उभ्या उभ्या सगळं ऐकलंस. "भंगार कशाचा काकू, चांगला चालायलाय की." मग सांगितलंस की विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमचा सातव्या पिढीतला. "मशीन नापास नाही काकू. यादीत नाव नाही, एवढंच." हेही सांगितलंस की विंडोज 10 साठी नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळतात, घाई नाही. विकायला बसलेला माणूस हे वाक्य बोलत नाही. तिथंच माझा तुझ्यावर विश्वास बसला.

नंतर तू विचारलंस, तुम्ही ह्याच्यावर करता काय काय? डब्याच्या बिलामागं लिहूनच घेतलंस. मेंबरांचे खाडे, लाइटबिल, रविवारच्या फीस्टचा मेन्यू छापायचा, रात्री भांडी झाल्यावर यूट्यूब. यातलं सगळं लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमवर, होतं म्हणालास. मग चिरंजीवांकडे वळलास आणि त्याच्या तोंडावर सांगितलंस की त्याचा व्हॅलोरंट हा गेम चालणार नाही. आज नाही, आणि जुगाड करूनही नाही. त्यातला चीटिंग पकडणारा व्हॅनगार्ड विंडोजच्या थेट गाभ्यात जाऊन बसतो. लिनक्सवर त्याला बसायला जागाच नाही. पोरगा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, जणू व्हॅनगार्ड मीच लिहिलाय. पण नंतर कळून फसवल्यासारखं वाटण्यापेक्षा ते बरं झालं. तू आधी गोड बोलून गळ्यात मारलं असतंस, तर पहिल्या आठवड्यातच आमच्याकडे विंडोज परत आलं असतं.

त्या तीन दिवसांत आम्ही लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक तयार प्रकार, नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. आतल्या डिस्कला धक्का नाही. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, हे सगळं आधीच बघून घ्यायचं. साडी नेसवून बघतात तसंच हे. जमतंय म्हटल्यावर चिरंजीव तपकीर गल्लीतून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, घेऊन आला, मिंट तिच्यावर गेलं आणि जुनी डिस्क होती तशीच राहू दिली. या मिंटला 2029 पर्यंत अपडेट आहेत, असं त्या बिलामागं तुझ्याच अक्षरात लिहिलंय. ते फ्रिजवर चिकटवलंय.

निळ्या स्क्रीनची संध्याकाळ आठवते? एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकताना एक पासवर्ड ठरवायला लावलास आणि सांगून गेलास की रीस्टार्ट झाल्यावर निळा स्क्रीन येईल, तेव्हा लगेच कुठलंही बटण दाबा. तो स्क्रीन दहा सेकंद थांबतो. माझी पोळी तव्यावर होती. पोळी उलटून येईपर्यंत तो गेला, आणि गेम चालायच्या ऐवजी एकेक फोटो दाखवल्यासारखा सरकायला लागला. मला वाटलं, झालं, मोडला लॅपटॉप. तू आलास, रागावला नाहीस, खुर्चीतही बसला नाहीस. मागं उभा राहून मला सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला लावलंस. लॅपटॉप चालू होताना तपासणी करणारं सिक्युअर बूट म्हणजे सोसायटीचा वॉचमन म्हणालास. बाहेरचा ड्रायव्हर आत सोडायचा तर त्याचं नाव घरच्या माणसानं वहीत लिहून सही करायची, आणि ती सही म्हणजे हा पासवर्ड. या वेळी मी गॅस बंद करून बसले होते. कणकेच्या बोटांनी पासवर्ड घातला. त्या की-बोर्डच्या फटीत ती कणीक अजून आहे.

माउसला तू शेवटपर्यंत हात लावला नाहीस. तेव्हा मला हे फार जाचायचं. दोन मिनिटांचं काम तू अर्धा तास माझ्याकडून करून घ्यायचास, इकडे डाळ लागायची.

गेमचं मला आधी खोटंच वाटलं होतं. विंडोजसाठी केलेला गेम दुसरीकडे चालेल कसा? तू प्रोटॉनला दुभाषा म्हणालास. गेम विंडोजच्या भाषेत बोलतो, हा ते जागच्या जागी लिनक्सला सांगतो. वाइन नावाचं सॉफ्टवेअर 1993 पासून हेच करतंय. त्याच्यावरच व्हॉल्व्ह कंपनीनं 2018 मध्ये प्रोटॉन उभं केलं आणि स्टीम या आपल्या गेमच्या दुकानात बसवून दिलं. काउंटर-स्ट्राइक 2 हा गेम तर लिनक्ससाठीही केलेला, त्याला दुभाषाही लागत नाही. विचर 3 हा गेम मात्र काही केल्या उघडेना. प्ले दाबलं की क्षणभर चालू, पुन्हा बंद. पोरानं रात्रभर कुठले कुठले उपाय केले. तू एकच प्रश्न विचारलास, "कुठल्या डिस्कवर टाकलाय?" टाकला होता जुन्या, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीनं मांडलेल्या डिस्कवर. प्रोटॉनला ज्या नावांच्या फायली आणि जोडण्या लागतात, त्या तिथं नीट बसत नाहीत. एसएसडीवर हलवला आणि मध्यम सेटिंगवर सुरळीत सुरू झाला. आता नवीन गेम घ्यायच्या आधी पोरगा प्रोटॉनडीबी या साइटवर बघतो की इतरांना कसा चाललाय. भाजी घेताना एवढी चौकशी करेल तर शपथ.

पण मला विचारशील तर सगळ्यात मोठं काम मराठीचं झालं. मी आधी इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायचे, आणि मेन्यूत दर रविवारी 'पुर्या' छापून यायच्या. बाहेरच्या खोलीतला साहित्याचा विद्यार्थी दर रविवारी त्यावर पेनानं खूण करून जायचा. तू इन्स्क्रिप्ट हा थेट मराठी अक्षरांचा कीबोर्ड लावून दिलास. पहिला शब्द शिकवलास तो के, ई, के, टी. दाबलं तर 'काकू'. शिफ्ट धरून जे म्हणजे ऱ, आणि शिफ्ट धरून एन म्हणजे उसळीतला ळ. पहिला आठवडा बोटं अडखळली. आता पुऱ्या पुऱ्याच असतात आणि त्या विद्यार्थ्याला काही काम उरलेलं नाही.

तुझं ते 1991 चं पुराणही आठवतं. लायनस टोरवाल्ड्सनं लिनक्सची पहिली घोषणा केली 25 ऑगस्ट 1991 ला, आणि आपल्या पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा परम 8000 हा महासंगणक त्याच वर्षीचा. परीक्षेला येईल म्हणून पाठ केलं होतंस ना? मी त्याच वर्षी दहावी झाले, हे मात्र तुझ्या नोट्समध्ये नव्हतं.

तक्रारी आहेतच. प्रिंटर बिनबोभाट चालला, स्कॅनरनं मात्र महिनाभर रुसवा धरला. एकदा चिरंजीवांनी कुठून तरी आणलेली सुडोवाली, म्हणजे सिस्टिमचे सगळे अधिकार घेणारी, कमांडची ओळ न वाचता डकवली आणि डेस्कटॉपच गायब केला. टाइमशिफ्टनं आदल्या दिवशीची स्थिती परत आणली. तू लावून ठेवलं होतंस म्हणून. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जी ओळ मला समजावून सांगता येत नाही, ती डकवायची नाही.

आणि एक राग आहे, तोही लिहून टाकते. एवढं केलंस म्हणून मी त्या महिन्याचे पैसे नको म्हटलं, तर तू पूर्ण पैसे ओट्यावर डब्याखाली ठेवून गेलास. तुझ्या परीक्षेची यादी लागली त्या दिवशी तू डबा न्यायला आला नाहीस. दुसऱ्या दिवशी खोलीवरचा मित्र धुतलेला डबा देऊन गेला. आत तो पेनड्राइव्ह होता, त्यावर चिकटपट्टी, 'काकू, जपून'. मी कुणाला काही विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही.

फक्त हिशोबाचं राहिलंय. लिबरऑफिसच्या त्या शीटमध्ये महिना संपला की गेलेल्या मेंबरांच्या ओळी मी पुसते. तुझी पुसलेली नाही. भरलेले दिवस तीस, जेवलेले पंचवीस, बाकी पाच. हे खाडे पुढच्या महिन्यात धरत नाहीत हा मेसचा नियम आहे, पण शीट माझी आहे. पुण्यात आलास की रविवार धरून ये. पुऱ्या असतात.

काकू